सातपूरची गाडी नाशिककरांना स्वस्त? नाही!

'महिंद्राची थ्री एक्सओ आपल्या नाशकातच, सातपूरला बनते, वाहतूक खर्च वाचतो, म्हणून इथे ती टाटाच्या नेक्सॉनपेक्षा स्वस्त पडते' असा मेसेज सध्या फिरतोय. यातलं पहिलं वाक्य तेवढं खरं.

कारखाना जवळ म्हणून एक्स-शोरूम (रोड टॅक्स, इन्शुरन्स धरण्याआधीच्या) किमतीत सूट मिळत नाही. (नेक्सॉन तरी कुठे लांबून येते? पुण्याजवळच्या रांजणगावहून!) दोन्ही गाड्या चार मीटरच्या आत, इंजिनंही लहान, त्यामुळे सप्टेंबर 2025 पासून जीएसटी दोन्हींना 18 टक्केच. रोड टॅक्स ठरतो किंमत आणि इंधनावर: दहा लाखांपर्यंत पेट्रोलला 11, डिझेलला 13 टक्के. नाशिकची एमएच-15 असो वा पुण्याची एमएच-12, फरक नाही.

कोटेशन मात्र नीट वाचा. इन्शुरन्सच्या खाली 'हँडलिंग', 'लॉजिस्टिक' अशी ओळ दिसली तर ती काढायला सांगा. खरी घासाघीस तिथेच होते.

आणि निवड गाडी बघून करा हो. थ्री एक्सओचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) 2600 मिमी, नेक्सॉनचा 2498; मागे तिघं बसवून वणीला जाणाऱ्यांना हा फरक गुडघ्यांना कळतो. नेक्सॉनला कंपनीची सीएनजी मिळते, रोज अंबड-सिन्नर करणाऱ्याने आधी तोच हिशेब मांडावा. सुरक्षेवरून भांडू नका, भारत एनकॅप या क्रॅश टेस्टचे पाच तारे दोघींनाही आहेत.