हॅम्लेटची वारसनोंद

टी.वाय.ला 'हॅम्लेट' शिकवायचं म्हणजे सासुरवास. शेक्सपिअरचं हे सगळ्यात लांबलचक नाटक. खुनी कोण, हे बापाचं भूत पहिल्याच अंकात सांगून मोकळं होतं आणि चिरंजीव पाचव्या अंकाच्या शेवटी हात उचलतात. इकडे प्राचार्य व्हरांड्यात गाठून विचारतात, "पोर्शन कुठवर आला?" काय सांगणार? हॅम्लेट अजून विचार करतोय, सर.

कथा गळी उतरवायला मात्र आमच्याकडे कष्ट पडत नाहीत. चुलत्यानं भावाला मारलं, गादी लाटली, भावजयीशी लग्न लावलं, एवढं ऐकलं की वर्ग सावरून बसतो. भाऊबंदकीत त्यांची तयारी माझ्यापेक्षा जास्त.

मग मागच्या बाकावरून हात वर होतो. "सर, बाप राजा, पोरगा तीस वर्षांचा घोडा, मग वारसनोंद चुलत्याच्या नावावर कशी?"

बिनतोड प्रश्न. "डेन्मार्कात राजा निवडला जायचा," मी म्हटलं. काका निवडणुकीच्या आड आला, अशी तक्रार हॅम्लेट स्वतःच शेवटच्या अंकात करतो.

"मतदार कोण?"

नाटकात मतदारयादी नाही.

"म्हणजे बिनविरोध," त्यानं निकाल देऊन टाकला.

वयाचा हिशेब कबर खोदणाऱ्याच्या बोलण्यातून निघतो. तो धरला तर तिशीतला हा गृहस्थ अजून विटेनबर्गला शिकायला परत जायचं म्हणतोय. "एटीकेटी असणार," पहिल्या बाकावरची हुशार मुलगी पुटपुटली.

खरी कसोटी तिसऱ्या अंकात. चुलता क्लॉडियस एकटा, गुडघे टेकून, पाठमोरा. हॅम्लेटच्या हातात तलवार. आणि हा म्हणतो, प्रार्थना करताना मारला तर स्वर्गात जाईल, नंतर बघू! वर्गातून एकच हाय उठली. तो निघून गेल्यावर क्लॉडियस कबूल करतो की शब्द वर गेले, मन खालीच राहिलं; प्रार्थना काही पोचली नाही.

"म्हणजे तेव्हाच हाणला असता तर चाललं असतं?"

"हो."

मुलीनं वहीच्या मागच्या पानावर त्यानंतर मेलेल्यांची नावं मांडली. पोलोनियसपासून खुद्द हॅम्लेटपर्यंत. "सर, सात माणसं फुकट गेली."

टीकाकारांनी या दिरंगाईवर कपाटंच्या कपाटं भरलीत. इतका रोकडा जमाखर्च मी तरी कुठे वाचला नव्हता.

आगरकरांनी हे नाटक 'विकारविलसित' म्हणून १८८३ साली मराठीत आणलं, ते वाचा म्हटलं, तर "त्याचं गाईड मिळतं का?" मग मी १६०३च्या पहिल्या छापील प्रतीचं सांगितलं. ती पुढच्या प्रतीच्या निम्म्याहून थोडीच मोठी. वर्ग एका सुरात, "सर, तीच लावा ना!"

म्हटलं, ती भरवशाची नाही. कुणा नटानं आठवेल तसं सांगून उतरवली असावी, असं काही अभ्यासकांना वाटतं. प्रसिद्ध स्वगतसुद्धा त्यात भलतंच वळण घेतं.

"मग काय झालं?" मागचा बाक म्हणाला. "आम्ही पेपरात तेच करतो की. तुम्ही मार्क देता ना?"