लघवी दाबल्याने कॅन्सर होतो म्हणे! मग सिगारेटचं काय?

"लघवी दाबून ठेवल्यामुळेच मूत्राशयाचा कॅन्सर होतो, कॉफी आणि शुगर-फ्री गोळ्या बंद करा, भरपूर पाणी प्या म्हणजे होणारच नाही, बायकांना काळजी नाही" असा मेसेज सध्या प्रत्येक ग्रुपवर फिरतोय. त्यात सिगारेटचा साधा उल्लेखही नाही, आणि मला राग आलाय तो याचाच.

आधी लघवी दाबण्याचं बघू. सवय वाईटच, इन्फेक्शन होऊ शकतं, मान्य. पण या कॅन्सरची जी कारणं पक्की सिद्ध झालीत त्यात ती नाही. सगळ्यात वर आहे तंबाखूचा धूर, जवळपास निम्म्या केसेस त्याच्यामुळे, आणि ओढणाऱ्याला धोका न ओढणाऱ्याच्या निदान तिप्पट. धूर जातो फुफ्फुसात मग मूत्राशयाचा काय संबंध असं बरेच जण विचारतात, तर धुरातली अ‍ॅरोमॅटिक अमाइन्स नावाची रसायनं फुफ्फुसातून रक्तात उतरतात, किडनी ती गाळून लघवीत टाकते आणि ती लघवी मूत्राशयाच्या अस्तराला लागून राहते, रोज, वर्षानुवर्षं. लघवी सगळ्यांच्याच मूत्राशयात साठते हो, प्रश्न तिच्यात काय मिसळलंय याचा आहे. सिगारेट सोडल्यावर धोका कमी होतो, पण हळूहळू, वर्षं जातात.

याच जातीची रसायनं रंगाच्या कारखान्यातही सापडली. 1895 साली फ्रँकफर्टच्या लुडविग रेन या सर्जनने फुक्सिन रंग बनवणाऱ्या कामगारांमध्ये मूत्राशयाच्या गाठी दिसल्याचं सांगितलं होतं. रबर, डाय, पेंट अशा कामात असाल तर डॉक्टरांना स्वतःहून सांगा, ते विचारतीलच असं नाही.

कॉफी? 1991 मध्ये आयएआरसीने (जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था) तिला संशयित ठरवलं होतं हे खरं, पण 2016 मध्ये पुन्हा सगळे पुरावे तपासून त्या यादीतून काढलं. शुगर-फ्री गोळ्यांमधल्या सॅकरिनचंही तसंच, उंदरांना गाठी झाल्या त्या उंदरांच्या लघवीच्या खास गुणधर्मामुळे, माणसात ते घडत नाही, आणि अमेरिकेने पाकिटावरची वॉर्निंग 2000 साली काढून टाकली.

पाणी जरूर प्या. पण ते कवच नाही, आणि पाण्यातच आर्सेनिक असेल तर तेच पाणी धोका वाढवतं.

बायकांचं विधान तर सरळ चुकीचं. पुरुषांना तीन-चार पट जास्त होतो, पण बायकांना होतोच, वर लघवीतलं रक्त इन्फेक्शन समजून अँटिबायोटिकचे कोर्सवर कोर्स चालतात आणि निदान उशिरा होतं.

आणि मेसेजमध्ये नसलेली अजून काही कारणं: वाढतं वय (बहुतेक पेशंट पंचावन्नच्या पुढचे), ओटीपोटाला पूर्वी दिलेलं रेडिएशन, सायक्लोफॉस्फामाइड हे किमोथेरपीतलं औषध.

माझ्या मामाने 30 वर्षं सिगारेट ओढली. छातीचा एक्स-रे क्लीन आला तेव्हा सुटलो म्हणाला. मग एका सकाळी लघवी काळ्या चहासारखी लालसर झाली, दुखलं काहीच नाही, दोन दिवसांत साफ, उन्हाळी लागली असेल म्हणून पाच महिने कुणाला बोललाच नाही, आणि पुन्हा रक्त दिसलं तेव्हा दुर्बिणीच्या तपासणीत गाठ निघाली. एकदाच दिसलं, दुखलं नाही, आपोआप थांबलं, तरी युरॉलॉजिस्टला दाखवा, त्याच आठवड्यात.