गौळणीच्या ओढणीला मणी कशाला? एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार.

ओढणीच्या काठाला हाताने मणी लावायला मी कशी शिकले, त्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली आणि उत्तर द्यायला मुद्दाम चार दिवस घेतले. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. काकांनी संगमेश्वर तालुक्यातल्या आपल्या वाडीच्या नमनात, म्हणजे कोकणातल्या लोकनाट्यात, २२ वर्षं गौळण केली आहे; गौळण म्हणजे पुरुषांनी बायकांचा वेश घेऊन केलेला कृष्णाच्या गवळणींचा नाच. ते म्हणतात, मण्यांची लेस बाजारात मीटरवर मिळते, मशीनवर दहा मिनिटांत बसते; ५ ओढण्यांसाठी २५ तास डोळे फोडायचं कारण नाही, सहा पावलांवरून कुणाला फरक कळत नाही. दुसरं, नमनातल्या गौळणीला मणीबिणी कधी नव्हते, हे शहरातून आलेलं फॅड आहे. आणि तिसरं, मणी ओवायला तंगूस, म्हणजे मासेमारीचा नायलॉनचा दोरा, घ्या असं मी लिहिलं होतं, ते अनवाणी न नाचलेल्या माणसाचं बोलणं आहे.

तिसऱ्यापासून सुरू करते, कारण तिथे तुमचं अगदी बरोबर आहे.

आमच्या बंदरावर तंगूस कुठल्याही दुकानात मिळतो. खाऱ्या पाण्यात कुजत नाही, एवढाले मासे ओढतो, मग चिमूटभर मण्यांचं त्याला काय, असा माझा हिशेब होता. पण तंगूस ताठ आणि गुळगुळीत असतो. गाठ बसल्यासारखी वाटते आणि मागाहून सावकाश सुटत जाते. कोळी त्याला चार-पाच वेढे देऊन गाठ मारतात आणि माशाच्या ओढीने ती आणखी आवळते. ओढणीच्या काठाला तशी ओढ कुठून येणार? मागच्या शिमग्यात गौळण ऐन रंगात असताना एका ओढणीचा काठ वीतभर सुटला आणि मणी सारवलेल्या अंगणात सांडले. सातवीतला पोरगा होता. काच टाचेत घेऊन तो शेवटपर्यंत नाचला, गौळणीतल्या विनोदी मावशीच्या पात्राशी बोलाचाली झाली तेव्हाही चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. आत आल्यावर मोबाईलच्या उजेडात मी त्याच्या तळव्यातून मण्याची कपची काढली. हे मी लेखात लिहायला हवं होतं. लिहिलं नाही, ही माझी चूक. तंगूसचा परिच्छेद आता काढला आहे.

त्यानंतर मी मणी ओवणं पहिल्यापासून शिकले, आणि शिकवलं ते आमच्या बाजारपेठेतल्या पटवेकऱ्यांनी. मंगळसूत्र गाठवून देणारा माणूस. त्यांनी माझा काठ हातात घेतला, एक टोक चिमटीत धरून हलकेच ओढलं आणि विचारलं, "इथे तुटलं तर कुठपर्यंत जाईल?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. पोत गाठवताना ते मधेमधे गाठ टाकतात, म्हणजे दोरा एका जागी तुटला तरी बाकीची पोत जागेवर राहते. मी आता दर चार बोटांवर कापडातच गाठ मारते. दोरा पिळाचा नायलॉनचा, वापरण्याआधी मधमाश्यांच्या मेणावरून दोनदा ओढलेला. सुती दोरा घामाने आणि आपल्या पावसाळ्यात ट्रंकेत कुजतो. साधा शिलाईचा दोरा मण्याच्या भोकाच्या धारेवर घासून तंतू सोडतो. नळीच्या आकाराचे लांब मणी तर काठाला मी घेतच नाही, त्यांची तुटकी टोकं दोरा ब्लेडसारखी कापतात.

आता लेस. मीही ती आणली होती, म्हणून सांगते. मशीनवर बसते हे खरं. पण मी आणलेल्या लेसचे लोंबते मणी एका सलग दोऱ्यात ओवलेले होते. तुम्हाला हवं त्या मापाला लेस कापली की दोन्ही टोकांनी ओघळायला सुरुवात. आणि वजन बघा. जॉर्जेटची अडीच मीटरची ओढणी माझ्या काट्यावर १२० ग्रॅम भरली. लेस भरली मीटरला ७० ग्रॅम. दोन्ही पदरांना एकेक मीटर लावली तर १४० ग्रॅम, म्हणजे ओढणीपेक्षा लेसच जड. गिरकी घेतली की ती डोक्यावरून निसटणारच. पिन लावावी तर जॉर्जेट फाटतं.

हाताने लावलेला काठ काय करतो ते जवळून सांगते. मणी ११ नंबरचा. नंबर वाढतो तसा मणी बारीक होतो, ११ म्हणजे साधारण २ मिलिमीटर. काठ आधी बारीक दुमडून हातशिलाईने पक्का करायचा. सुई काठातून वर काढायची, तीन मणी घ्यायचे, दोन मण्यांच्या रुंदीइतकं पुढे जाऊन मागून पुढे टाका घ्यायचा आणि सुई तिसऱ्या मण्यातून परत वर न्यायची. दोरा ओढला की मधला मणी टोकासारखा उभा राहतो, बाजूचे दोन काठावर बसतात. पुढच्या टाक्याला फक्त दोन मणी, कारण आधीचा तिसरा मणी आता पहिला झाला. दोरा फार ओढला तर काठ चुण्या घेतो, सैल सोडला तर मणी मान टाकतो. पहिल्या मीटरभर मला दोन्ही झालं. मीटरला साधारण २५० टाके आणि ५०० मणी. असे मणी ग्रॅमला शंभराच्या वर बसतात, तेव्हा मीटरला ५ ग्रॅमही होत नाहीत. दोन्ही पदरांचं मिळून १० ग्रॅमच्या आत.

एवढ्याशा वजनाने काय होतं, असं तुम्ही विचाराल. इथेच मला तुमच्या दुसऱ्या मुद्द्याकडे यायचं आहे.

गौळणीला मणी नव्हते, मान्य. पण तिच्या अंगावर काय होतं? तुम्हीच लिहिलंत, आईचं नऊवारी लुगडं. त्या लुगड्याला काठ होता, पदराला विणीचं वजन होतं. डोक्यावर घेतलेला पदर दोन बोटांत धरून खाली ओढला की तो तिथे थांबायचा. सोडला की सरळ खाली यायचा. गॅसबत्तीच्या उजेडात जरीचा काठ तेवढा लकाकायचा. आता नाटकाचे पोशाख भाड्याने देणाऱ्या ड्रेपरीवाल्याकडून येते ती जॉर्जेटची ओढणी. हलकी, घसरडी, काठच नाही. समुद्रावरून वारा आला की पोराच्या तोंडावर चिकटते, मग तो नाचता नाचता ती सावरत बसतो. डोळे कृष्णावर असायचे ते ओढणीवर. आमच्या मुलांची गौळण तीन वर्षं मी अशीच बघितली.

५ ग्रॅमच्या मण्यांनी त्या कापडाला काठ परत मिळतो. पदर सरळ खाली येतो, आणि मुख्य म्हणजे बोटांना न बघता सापडतो. बारीक दाणे चिमटीला लागतात. सहा पावलांवरच्या प्रेक्षकाला मणी दिसले नाहीत तर न दिसोत. ते नाचणाऱ्याच्या हातासाठी आहेत. लुगड्याचा पदर बोटांना कसा लागायचा हे तुम्ही २२ वर्षं अनुभवलंय, मी फक्त बघितलंय. म्हणून हे तुम्हाला सांगताना जरा संकोच वाटतो, पण मला तेच खरं वाटतं.

२५ तासांचा हिशेब मात्र तसाच राहतो, तो मी कमी करून सांगणार नाही. पाच जणींनी मिळून केलं तर एकीच्या वाट्याला ५ तास येतात, आणि माघ-फाल्गुनात दुपारी ते जमतं. त्यातला बराच वेळ मणी निवडण्यात जातो. आपल्याकडे उत्तर प्रदेशातल्या पुरदिलनगरचे काचेचे मणी येतात, स्वस्त आणि रंगाला सुरेख, पण एका पुडीत जाड, बारीक, तिरके सगळेच. जपानी मणी एकसारखे असतात, पण वाडीच्या मंडळाला परवडत नाहीत. म्हणून आम्ही ताटात तांदूळ निवडावेत तसे मणी निवडतो. रंगवलेले मणी मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या पांढऱ्या फडक्यात रात्रभर बांधून ठेवते. सकाळी फडक्याला रंग लागला तर ती पुडी ओढणीला नाही, कारण घामानेही तेच होणार. आतून चांदीचा मुलामा असलेले मणी दिव्याखाली सगळ्यात छान दिसतात, पण आपल्या हवेत एक पावसाळा गेला की काळपटतात. ते मी सोडून दिले, आणि अजून त्यांचं वाईट वाटतं.

घागऱ्याच्या घेराला मात्र तुमचंच ऐकते. तिथे मणी नकोच, पायाखाली येतात. साधी जरीची लेस मशीनवर मारते, दहा मिनिटांत. ओढणीच्या लांब कडाही मोकळ्या सोडते. मूळ लेखात चारही बाजू लावल्या होत्या, तो उत्साह होता.

एक विनंती आहे. या शिमग्याआधी एक ओढणी तुमच्या वाडीत पाठवते. गौळण करणाऱ्या एखाद्या मुलाला ती घेऊन नाचू दे आणि तुम्ही समोर बसा. मात्र पाठवण्याआधी एवढं कळवा, तुम्ही पदर डाव्या हाताने ओढायचात की उजव्या? ज्या टोकावर जास्त ओढ येते तिथे मी गाठी दोन-दोन बोटांवर टाकीन.