दुसऱ्या दाराने आत

"ताई, तुमच्याकडे बरं आहे गं. परीक्षेचं काही नाही."

मावसबहिणीचा फोन होता. तिचा मुलगा लातूरला अकरावीत आहे, 'इंटिग्रेटेड'ला. म्हणजे नाव एका कनिष्ठ महाविद्यालयात आणि दिवस क्लासमध्ये. सकाळी सातला घर सोडतो, रात्री आठला येतो, रविवारी टेस्ट. कॉलेजची प्रयोगशाळा त्याने अजून पाहिलेली नाही. माझी मुलगी त्याच्याहून वर्षाने मोठी, इथे कॅलिफोर्नियात बारावीला आहे. तिचे कॉलेजचे अर्ज नुकतेच गेले. त्यामुळे बहिणीचं ते वाक्य ऐकून मी फोनवर काही बोलले नाही, पण दिवसभर तेच डोक्यात राहिलं.

असं म्हणणारी ती एकटी नाही. ५ मे २०२४ रोजी झालेल्या नीटला २३ लाखांहून जास्त मुलं बसली, आणि देशभरात एमबीबीएसच्या जागा लाखाच्या थोड्या वर. निकाल लागला तेव्हा ६७ जणांना ७२० पैकी ७२० होते. पेपरफुटी, वाढीव गुण, सर्वोच्च न्यायालय असं सगळं होऊन सुधारित निकालात ते १७ उरले. तेव्हापासून मराठी लेखांत आणि घरच्या गप्पांत एक सूर मी सतत ऐकते. एका दुपारच्या पेपरवर मुलाचं आयुष्य ठरवू नका. अमेरिकेसारखं करा, खेळ बघा, समाजसेवा बघा, निबंध वाचा, मूल सगळ्या बाजूंनी पारखा.

यातलं पहिलं वाक्य मला पूर्ण मान्य आहे. पुढच्याची मात्र इथे राहून भीती वाटते.

गुणांची शर्यत कितीही वाईट असली तरी तिला मुलाचे फक्त गुण हवे असतात. तो संध्याकाळी गल्लीत क्रिकेट खेळला तर ते खेळणं त्याचंच राहतं. इथे तसं नाही. मुलीने व्हायोलिन वाजवलं, कुणाला मदत केली, उन्हाळ्यात चार पुस्तकं वाचली, की आईबापाच्या मनात लगेच येतं, हे अर्जात कुठे बसेल? मुलगी नववीत असताना मी एका खासगी सल्लागाराकडे गेले होते. त्याने तक्ताच काढून दिला: या उन्हाळ्यात अमुक शिबिर, दहावीत संशोधनाचा पेपर, अकरावीच्या आत स्वतःची सेवाभावी संस्था. मग त्याने विचारलं, "तिची स्टोरी काय?" मुलगी शेजारच्या खुर्चीत बसली होती, चौदा वर्षांची. आपल्यात काहीतरी कमी आहे हे त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, असं तिने मला दोन वर्षांनी सांगितलं. तिला तिथे मीच नेलं होतं. तो तक्ता सहा महिने आमच्या फ्रिजवर होता.

आपली माणसं हे का करतात ते मला आतून ठाऊक आहे. आपण आकड्यांतून आलो. मी १९९३ साली बारावी झाले. तेव्हा राज्याची सीईटी नव्हती. भौतिक, रसायन आणि गणित यांची बेरीज किती, एवढ्यावर सगळं ठरायचं. शिवाय इथे व्हिसावर असलेल्या घरांत आणखी एक घड्याळ चालू असतं: मूल २१ वर्षांचं झालं की त्याला आईवडिलांच्या व्हिसावर राहता येत नाही. ही भीती खरी आहे. पण हार्वर्डला प्रवेश मिळाला म्हणून ती तारीख पुढे जात नाही.

हार्वर्डचंच घ्या. २०२४ साली ५४ हजार अर्ज आले आणि दोन हजारांहून कमी मुलांना प्रवेश मिळाला. अशा दारासाठी मुलीची चार वर्षं खर्ची घालायची, तर बदल्यात काय मिळतं हे तरी बघायला हवं. स्टेसी डेल आणि अ‍ॅलन क्रूगर या अर्थशास्त्रज्ञांनी २००२मध्ये नामांकित कॉलेजांत शिकलेल्यांची तुलना त्यांच्याच तोडीच्या, पण कमी नावाजलेल्या कॉलेजांत गेलेल्यांशी केली. पुढच्या कमाईत फारसा फरक निघाला नाही. गरीब घरांतल्या मुलांना मात्र नामांकित कॉलेजाचा फायदा झाला. राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग आणि जॉन फ्रीडमन यांच्या २०२३च्या अभ्यासातही सरासरी कमाई फार हलली नाही, पण अगदी वरच्या एक टक्क्यात पोहोचण्याची शक्यता बरीच वाढलेली दिसली. म्हणजे काहीच फरक पडत नाही, असं मी म्हणणार नाही. शिखरावर बसायचं असेल तर पडतो. माझ्या मुलीला चांगलं काम मिळावं, शिकवणारे चांगले भेटावेत आणि तिची झोप शाबूत राहावी, एवढंच मला हवं आहे, आणि त्यासाठी शिखर लागत नाही.

म्हणून आम्ही कॉलेजांची यादी खालून केली. एरवी लोक आधी स्वप्नातली नावं लिहितात आणि शेवटी, जरा लाजत, 'सेफ्टी' म्हणून दोन टाकतात. आम्ही आधी अशी कॉलेजं शोधली जी तिला बहुधा नक्की घेतील आणि जिथे ती आनंदाने जाईल. अट दोन्हीची. पहिली बाजू आकड्यांवरून कळते, दुसरीसाठी जाऊन बघावं लागतं. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या मर्सेडच्या शाखेत आम्ही एका मंगळवारी गेलो, साध्या कामाच्या दिवशी. २००५मध्ये सुरू झालेली ही शाखा, भोवती गवताळ माळ. बहुतेक अर्जदारांना तिथे प्रवेश मिळतो, म्हणून आपल्या लोकांत तिचं नाव दबक्या आवाजात घेतलं जातं. मुलगी तिथे मातीच्या नमुन्यांवर काम करणाऱ्या एका विद्यार्थिनीशी अर्धा तास बोलत उभी राहिली. येताना गाडीत म्हणाली, "इथे चालेल मला." त्यानंतर यादीत यूसीएलए, म्हणजे त्याच विद्यापीठाची लॉस एंजेलिसची शाखाही घातली. तिथे दीड लाखाच्या घरात अर्ज येतात आणि दहात एकालाही जागा मिळत नाही. पण मर्सेड आधी लिहिलेलं असल्यामुळे ते नाव लिहिताना तिचा हात थरथरला नाही.

अर्ज भरतानाची एक संध्याकाळ मला राहून राहून आठवते. कॉमन अ‍ॅप हा बऱ्याच कॉलेजांना चालणारा एकच अर्ज. त्यात मुलाने केलेली दहा कामं लिहिता येतात, प्रत्येकाच्या वर्णनाला दीडशे अक्षरं, मोकळ्या जागा धरून. तिने सहाच लिहिली. चौथ्या ओळीत होतं: आजीच्या गोळ्यांचा डबा दर रविवारी भरणे, डॉक्टरांकडे सोबत जाऊन तिचं मराठी इंग्रजीत सांगणे. मी म्हटलं, "हे कुठे लिहायचं असतं का?" तिने पडद्यावर बोट ठेवलं. कामांच्या प्रकारांत 'घरच्या जबाबदाऱ्या' असा पर्यायच आहे. "असतं, आई." मग मी सुचवलं, मंडळाच्या कार्यक्रमातलं घाल, 'समन्वयक' म्हणून. "मी खुर्च्या लावल्या होत्या," ती म्हणाली आणि सातवी ओळ रिकामी ठेवून पुढे गेली.

माझ्या मते अमेरिकेकडून घेण्यासारखं काही असेल तर ते आहे दुसरं दार, आणि त्याबद्दल घरी कुणी बोलत नाही. एकट्या कॅलिफोर्नियात ११६ कम्युनिटी कॉलेजं आहेत. प्रवेशाला चाळणी नाही, बारावीचे गुण कसेही असोत. तिथे दोन वर्षं ठरलेले विषय घेऊन ठरलेली सरासरी राखली, तर डेव्हिस, अर्वाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रुझ या युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या सहा शाखा काही विषय वगळता तिसऱ्या वर्षाच्या प्रवेशाची लेखी हमी देतात. पदवी त्याच विद्यापीठाची. सतराव्या वर्षी ज्याला सूर सापडला नाही, त्याला विसाव्या वर्षी पुन्हा विचारलं जातं. आमच्या ओळखीतला एक मुलगा असाच डेव्हिसला गेला. तरी त्याची आई ती पहिली दोन वर्षं आमच्यात कुणाला सांगत नव्हती.

ते न सांगणं माझ्या ओळखीचं आहे. माझा मोठा भाऊ दहावीनंतर पॉलिटेक्निकला गेला. डिप्लोमा करून मग इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला. वेल्डिंगपासून ड्रॉइंगपर्यंत सगळं त्याच्या हातात होतं, वर्गातली बारावीची मुलं त्याला विचारायला यायची. पण पाहुणे आले की बाबा "इंजिनिअरिंगला आहे" एवढंच सांगत. डिप्लोमा हा शब्द ते गाळत. दादा समोर बसलेला असे. म्हणजे दार महाराष्ट्रातही आहे, आणि चांगलं रुंद आहे. फक्त त्यातून आत आलेल्या मुलाला आपण पाहुण्यांसमोर उभं करत नाही.

केंद्राने जानेवारी २०२४मध्ये क्लासेसना सांगितलं, सोळा वर्षांखालच्या मुलांना घेऊ नका. नियम चांगलाच आहे. पण आत जायला एकच दार आहे असं घराघरात वाटत असेल, तर त्या दारापाशी गर्दी होणारच, मग चाळणी पेपरची असो की निबंधाची. उद्या नीटच्या जागी समाजसेवेचे गुण आले तर लातुरात समाजसेवेचे क्लास निघतील, आणि माझ्या भाच्याचा रविवारही तिकडे जाईल. आज त्याची निदान टेस्ट संपते तेव्हा संपते. वाद घालायचाच असेल तर तो डिप्लोमातून, बीएस्सीतून, मुक्त विद्यापीठातून पुढे येणाऱ्यांसाठी किती जागा आहेत, शाखा चुकली तर बदलता येते का, पंचविसाव्या वर्षी परत शिकायला येणाऱ्याकडे आपण कसं बघतो, यावर घालायला हवा.

काल मी बहिणीला परत फोन केला. म्हटलं, येत्या रविवारी टेस्ट झाल्यावर मला त्याच्याशी बोलायचंय. नीट द्यायची तर देऊ दे त्याला, मन लावून देऊ दे. मला एवढंच विचारायचंय की तिथे नंबर नाही लागला तर तो कुठे आनंदाने जाईल. बीएस्सी म्हणो, फार्मसी म्हणो, काहीही म्हणो. ते कॉलेज परीक्षेच्या आधी एक दिवस काढून त्याला दाखवून आण, प्रयोगशाळेसकट.

"तो फोनवर बोलत नाही गं फारसा," ती म्हणाली.

मी म्हटलं, थांबेन मी.