‘किनाऱ्याजवळ कसला आलाय धोका?’ : ‘सागरवेडा’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ‘सागरवेडा’,

लहान उघड्या होडीतून गरवायला (गळाने मासे पकडायला) जाताना जागा कशी निवडावी, या माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया वाचली. ज्यांच्या नजरेतून ती सुटली असेल त्यांच्यासाठी सारांश देतो. लेख घाबरवणारा आहे. तो एसीत बसून लिहिलेला आहे. भाषा मास्तरकीची आहे. तिथीवरून भरतीची वेळ काढण्याचा हिशोब चुकतो. एकाही जागेचे जीपीएस आकडे दिलेले नाहीत. आणि मुख्य म्हणजे, “किनाऱ्याजवळ राहिलं की कसला आलाय धोका? वेसाव्याच्या (मुंबईतल्या वर्सोव्याच्या) खाडीच्या तोंडाशी पोरं रोज गरवतात.” त्यापुढे दात काढणारे चार पिवळे चेहरे.

मतभेदाला माझी ना नाही. पण “अहो लेखक महाशय, कधी होडीत पाय तरी ठेवलाय का?” हा प्रश्न मतभेदात मोडत नाही. मी वेसाव्यात वाढलोय, घरी डोलीचा (समुद्रात खुंट्यांना बांधायच्या जाळ्याचा) धंदा होता. एवढं सांगून हा विषय संपवतो, कारण लेखातला मुद्दा बरोबर की चूक हे माझ्या जन्मगावावरून ठरत नाही. तुमच्या टोपणनावावरून तर मुळीच नाही.

तिथीच्या हिशोबाबद्दल तुमचं म्हणणं मान्य. अमावास्या-पौर्णिमेला मुंबईत साधारण बाराला भरती, आणि पुढे तिथीला पाऊणने गुणायचं. म्हणजे चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. यात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, आणि खाडीत आत गेलात की पाणी आणखी उशिरा वळतं. निघण्याआधी छापील कोष्टक बघा. झालं समाधान? हिशोब दिला होता तो दिवस निवडण्यासाठी. घड्याळ लावायला नव्हे.

आता ते एक वाक्य. किनाऱ्याजवळ धोका नाही.

उघड्या होडीला धोका किनाऱ्याजवळच जास्त असतो. दहा मीटर पाण्यावर मीटरभर उंचीची लांब लाट होडीला उचलते आणि खाली ठेवते. तीच लाट सव्वा-दीड मीटर पाण्यावर आली की पायात अडखळते आणि फुटते. ती फुटते कुठे? वाळूच्या दांड्यावर (पाण्याखालच्या उंचवट्यावर), खडकांच्या रांगेवर, खाडीच्या तोंडाशी. म्हणजे तुमच्या “किनाऱ्याजवळ”. आणि मुंबईत ही फुटण्याची जागा रोज सरकते, कारण उधाणाला (अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास) भरती-ओहोटीच्या पातळीत साडेचार मीटरपर्यंत फरक पडतो. भांगाच्या दिवसांत (अष्टमीच्या आसपास) तोच दीड-दोन मीटर. सकाळी ज्या खडकावरून तुम्ही बिनधास्त गेलात, तो दुपारी पाण्याखाली हातभर असतो आणि दिसत नाही. पूर्ण उघडा खडक कुणीही टाळतो. अर्ध्या पाण्याला झाकला जाणारा खडक होडी फोडतो.

भरतीही सारख्या वेगाने सरत नाही. सहा तासांचे सहा भाग केले तर पहिल्या तासात एकूण फरकाचा बारावा हिस्सा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात आणि चौथ्यात तीन-तीन, मग दोन, मग एक. साडेचार मीटरच्या उधाणात मधल्या दोन तासांत सव्वादोन मीटर पाणी निघून जातं. “अजून एक मासा, मग निघू” म्हणेपर्यंत दांड्यावरचं पाणी संपलेलं असतं.

इंजिन बंद पडलं तर? पश्चिमेचा वारा होडीला एका नॉटने ढकलतोय असं धरा. म्हणजे मिनिटाला तीसेक मीटर. बँडस्टँडच्या किंवा मढच्या खडकांपासून दोनशे मीटरवर असाल तर सहा-सात मिनिटं हातात आहेत. किनाऱ्यापासून दीड किलोमीटरवर असाल तर पाऊण तासाहून जास्त. माहीमच्या किंवा मालाडच्या खाडीच्या पाण्यात प्लास्टिकची पिशवी आउटबोर्डच्या (होडीच्या मागे बाहेरून लावलेल्या इंजिनाच्या) पाणी ओढायच्या जाळीवर बसली की थंड पाण्याची धार बंद पडते आणि इंजिन तापून थांबतं. डोलीचे दोर, तुटक्या जाळ्यांचे तुकडे पंख्यात जातात ते वेगळंच. अशा वेळी आधी इंजिनाचं झाकण उघडायचं नसतं, आधी नांगर टाकायचा असतो. तो नांगर इंधनाच्या कॅनखाली आणि बर्फाच्या पेटीमागे अडकलेला असेल, तर सहा मिनिटं तो काढण्यातच जातात.

दोर किती? ओहोटीला पाच मीटर पाणी असेल तर भरतीला साडेनऊ होईल, त्यात होडीच्या काठाची उंची अर्धा मीटर. दहा मीटर झाले. शांत पाण्यात त्याच्या तिप्पट चालतो. वाऱ्यात पाचपट हवा, म्हणजे पन्नास मीटर. दहा-बारा मिलिमीटरचा नायलॉनचा दोर आणि नांगरापाशी तीन मीटर साखळी, म्हणजे नांगराची ओढ आडवी राहते. दोराचं दुसरं टोक होडीला बांधलेलं आहे ना, हे धक्क्यावरच बघा. हसू नका. आणि नांगर नेहमी नाळेवरून, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावरून. मागून टाकला की दोन नॉटच्या ओढीत इंजिनाची फळी खाली खेचली जाते. तिथे काठ आधीच सर्वांत कमी उंच असतो. वर दोघं एकाच बाजूला मासा बघायला वाकले की होडीत पाणी शिरलंच.

आता “पोरं रोज गरवतात” बद्दल. गरवतात, आणि त्याला कारण आहे. ओहोटीबरोबर कांदळवनातली कोळंबी आणि बारीक मासळी बाहेर येते, आणि जिताडा, रावस त्या धारेच्या कडेला टपून असतात. मासा तिथे येतो तो ओहोटीच्या धारेमुळे, आणि लाट तिथे उभी राहते तीही त्याच धारेमुळे. ऑक्टोबर ते मे दुपारी पश्चिम-वायव्येकडून खारा वारा सुटतो आणि दोन ते पाचच्या दरम्यान जोरात असतो. खाडीतून बाहेर येणारं पाणी त्याच्या तोंडावर जातं. वारा आणि पाणी एकमेकांवर आले की लाट आखूड होते, उभी होते, फुटते.

आता दिवस मोजा. अमावास्या-पौर्णिमेला भरती बाराला, म्हणजे ओहोटीची सर्वांत जोराची धार दुपारी दोन ते चार. वाऱ्याचा जोरही तेव्हाच. ओढही उधाणाची. मुंबईत उधाणाच्या दुपारी खाडीच्या तोंडातून परत येणं हे लहान होडीला सर्वांत वाईट गणित आहे, आणि ते दर पंधरवड्याला येतं.

यावर “जाऊच नका” असं मी कुठे लिहिलंय? लेखात तिथी दिल्या होत्या, त्या तुम्ही वाचल्या नसाव्यात. चतुर्थी ते षष्ठी, शुद्ध असो वा वद्य: पहाटे तीन ते साडेचारला भरती, ओहोटी संपते सव्वानऊ ते पावणेअकराला. उजाडल्यावर निघा, दांड्यावर तेव्हा पुरेसं पाणी असतं. ओहोटीचा उत्तरार्ध गरवा. थंडीत त्या वेळी मतलई (जमिनीकडून समुद्राकडे जाणारा) वारा असतो, पाणी सपाट असतं. मात्र हाच वारा बंद इंजिनाच्या होडीला बाहेर नेतो, म्हणून वल्ही हवीतच. पाणी वळल्यावर तासाभराने परत फिरा. भरती आत, वारा आत, होडी आत. एखाद तास उशीर झाला तरी वारा आणि पाणी एकाच दिशेला असतात. एप्रिल-मेमध्ये वारा लवकर उठतो, तेव्हा उशिराची ही सवलत धरू नका.

परत येताना आणखी एक. समुद्राच्या बाजूने फुटणाऱ्या लाटेची फक्त पाठ दिसते, तिची खरी उंची कळत नाही. म्हणून जाण्याआधीच्या एखाद्या दिवशी, पाण्याच्या त्याच अवस्थेला, मढ-वेसाव्याच्या तरीपाशी (फेरीबोटीच्या धक्क्यापाशी) किंवा किनाऱ्यावर पंधरा मिनिटं उभं राहून बघा: कुठे पांढरं होतंय, कुठे नाही, मोठ्या लाटांच्या दोन जोड्यांमध्ये किती वेळ जातो. आत येताना लाटेच्या पाठीवर राहा, तिला ओलांडू नका. ओलांडलीत तर नाळ पुढच्या खळग्यात रुतते, मागची बाजू उचलली जाते आणि होडी आडवी होते. पुढे कुणाला बसवू नका. घाबरून एकदम रेस सोडू नका, मागची लाट आत येते.

बाकीच्या मुद्द्यांना फार वेळ नाही. जीपीएस आकडे देणार नाही. दर पावसाळ्यात वाळूचे दांडे हलतात आणि डोलीच्या खुंट्यांची जागा कुणाच्या तरी पोटापाण्याची असते. “बंदरात जा, तिथे पाणी शांत” हा सल्ला अर्धा बरोबर: पश्चिमेच्या लाटेपासून आडोसा मिळतो, पण जहाजांच्या वाटेत नांगर टाकायचा नाही, बोयाला (वाट दाखवणाऱ्या तरंगत्या खुणेला) होडी बांधायची नाही, जवाहर द्वीप, नौदलाचा भाग आणि तुर्भ्याची अणुकेंद्राची बाजू यांच्या जवळपास जायचं नाही. आणि “आमचे आजोबा कुठे जॅकेट घालायचे” याला उत्तर देण्याइतका माझा संयम आज उरलेला नाही. घाला.

तटरक्षक दलाचा क्रमांक 1554, सागरी पोलिसांचा 1093. बंदरावर तीन नंबरचा (वादळी हवेच्या इशाऱ्याचा) बावटा लागला की घरी बसा. हे पुन्हा लिहिलं, मास्तरकी वाटली तर वाटो.

पुढची प्रतिक्रिया जरूर लिहा, पण तीत एवढं असू द्या: होडीची लांबी, माणसं भरल्यावर मागच्या फळीपाशी काठ पाण्याच्या किती वर राहतो, इंजिन किती हॉर्सपॉवरचं, आणि कोणत्या तिथीला किती वाजता परत फिरता. नुसते पिवळे चेहरे आले तर प्रतिक्रिया उडवली जाईल.