अडकलेले एक्केचाळीस सेकंद

बास्केटबॉलच्या पंचाला खेळाडू, प्रशिक्षक आणि प्रेक्षक या तिघांचा जाच सोसावा लागतो, हे मी पूर्वीच मान्य केले होते. पण भिंतीवरचे घड्याळही त्यांना जाऊन मिळेल, अशी कल्पना नव्हती. एका आंतरमहाविद्यालयीन सामन्याच्या चौथ्या क्वार्टरमध्ये एका गुणाने पुढे असलेल्या संघाने थ्रो-इन घेतला, म्हणजे रेषेबाहेरून चेंडू आत टाकला, बास्केटवर फेक करण्याची मुदत मोजणारे २४ सेकंदांचे शॉट क्लॉक सुरू झाले आणि सामन्याचा उरलेला वेळ दाखवणारे मुख्य घड्याळ मात्र पंगतीत आग्रह झालेल्या पाहुण्यासारखे ४१ सेकंदांवर जे बसले, ते उठेचना. माझ्या हे लक्षात आले ते चेंडू रेषेबाहेर गेल्यावर.

नियमाप्रमाणे टायमरजवळ, म्हणजे वेळ राखणाऱ्या अधिकाऱ्याजवळ, स्टॉपवॉचही असावे लागते. तसे ते होते. मी मोठ्या आशेने पाहिले, तर त्यावर १ तास १२ मिनिटे झाली होती, कारण चहाच्या आधी सुरू केलेले ते यंत्र बंद करायचे राहून गेले होते. पुढे असलेल्या संघाच्या प्रशिक्षकांच्या मते वीस सेकंद सहज सरले होते, तर मागे असलेल्यांच्या मते जेमतेम चार. प्रेक्षकांतले एक आजोबा मनगट उंच करून "पंचसाहेब, माझं बघा!" असे ओरडत होते, त्यांच्या घड्याळाला सेकंदकाटाच नव्हता.

अशा वेळी सहकारी पंच आणि टेबलावरचे अधिकारी यांच्याशी बोलून अखेरचा निर्णय मुख्य पंचाने द्यायचा असतो, आणि दुर्दैवाने तो मीच होतो. शॉट क्लॉक १५ वर थांबले होते. म्हणजे नऊ सेकंद गेले आणि ३२ उरले. गणित दुसरीतले खरे, पण दोन्ही बाजूंनी आरडाओरड चालू असताना मी ते बोटांवर केले, तेही दोनदा. शिवाय १९७२ चे म्युनिक डोळ्यांसमोर नाचत होते. तिथल्या ऑलिंपिक अंतिम सामन्यात शेवटचे तीन सेकंद तीनदा खेळवले गेले, सोव्हिएत संघ ५१-५० ने जिंकला आणि अमेरिकेच्या खेळाडूंनी रौप्यपदके आजतागायत स्वीकारलेली नाहीत. तिथे निदान पदके तरी होती. इथे पराभूतांना नाकारण्यासाठी फक्त वडापाव होता.

उरलेले ३२ सेकंद आम्ही शून्यावर आणलेल्या स्टॉपवॉचवर खेळवले. पुढे असलेला संघ पुढेच राहिला. गुणपत्रिकेवर मुख्य पंचाची सही होईपर्यंत वेळेची चूक दुरुस्त करता येते, हे मला ठाऊक होते आणि टेबलाकडे झपाझप येणाऱ्या पराभूत प्रशिक्षकांनाही. त्यामुळे मी इतक्या घाईने सही केली की, माझ्या बँकेने ती खचितच परत पाठवली असती.