इटलीतली घरं आयती मिळत नाहीत

उत्तर इटलीतल्या लेक कोमो या सरोवराच्या फोटोंखाली एक मजकूर सिनेमावेड्यांच्या गटांत सारखा फिरतो. इटलीत म्हणे सेट लागतच नाही. व्हिला तयार, ऊन तयार, फक्त कॅमेरा लावायचा. त्यामुळे तिथे घडणारे चित्रपट म्हणजे पर्यटनाच्या देखण्या जाहिराती, आणि ती जुनी घरं टिकली तीही चित्रपटांमुळेच. यातलं एकही विधान तपासणीत टिकत नाही, आणि पहिलं तर पडद्यामागच्या माणसांवर सरळ अन्याय करणारं आहे.

'कॉल मी बाय युअर नेम' (2017) मधलं घर घ्या. ते उत्तर इटलीतल्या क्रेमा शहराजवळच्या मोस्काझ्झानो गावातलं व्हिला अल्बेर्गोनी. मूळ कादंबरी लिग्युरियाच्या समुद्रकाठी घडते. दिग्दर्शक लुका ग्वादान्यिनो यांनी ती लोम्बार्दीच्या सपाट मुलखात आणली. प्राध्यापकाच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या साठलेलं वाटतं ते सामान चित्रपटासाठी आणून मांडलेलं होतं. आणि ते ऊन? 2016 मधल्या चित्रीकरणात पावसाने पिच्छा सोडला नव्हता. आपल्याला भाजून काढणारा तो उन्हाळा बराचसा छायालेखक सयोंभू मुकदीप्रोम यांच्या दिव्यांचा आहे.

इटालियन दिग्दर्शक विस्कोंतींनी तर 'इल गात्तोपार्दो' (1963) या चित्रपटासाठी एकाच सरदार घराण्याचा थाट वेगवेगळ्या ठिकाणांहून जमवला. नाचाचा प्रसंग सिसिलीतल्या पालेर्मो शहरातल्या पालाझ्झो गांजी या वाड्यात टिपला, पण कथेतल्या दोन्नाफुगाता गावच्या वाड्याचा दर्शनी भाग चिमिन्ना गावात नव्याने उभारला. इटलीत, सिसिलीत, जिथे वाड्यांना तोटा नाही, तिथेही सेट बांधावा लागला!

जाहिरातीचा आरोप मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण तो फ्रेंच दिग्दर्शक गोदारचा 'ले मेप्री' (1963) हा चित्रपट विसरून केलेला आहे. काप्री बेटावरच्या कड्यावर लेखक कुर्झिओ मालापार्ते यांनी बांधून घेतलेलं विटकरी लाल घर त्यात आहे. खाली समुद्र, आणि गच्चीकडे वर जाताना रुंदावत जाणाऱ्या पायऱ्या. गच्चीला कठडा नाही. मध्ये एक वळणदार पांढरी भिंत, बाकी सगळं उघडं. पटकथालेखक पॉल त्या पायऱ्या चढून बायकोला शोधत येतो. ती, कामी, तिथे ऊन खात पडलेली असते, आणि दोघांमधलं प्रेम तोवर संपलेलं असतं. एवढ्या मोकळ्या जागेत नजर चुकवायला आडोसा नाही. चित्रपटात आधी दिसलेल्या, रोममधल्या त्यांच्या अर्धवट सजवलेल्या फ्लॅटमध्ये दारं-भिंती निदान मध्ये येत होत्या. इथे फक्त आकाश. दिवाणखान्याच्या मोठ्या खिडक्यांतून निळा समुद्र चित्रासारखा चौकटीत दिसतो, आणि त्याच खोलीत माणसं एकमेकांना परकी होत जातात. हे पाहून कुणाला सहलीचं तिकीट काढावंसं वाटत असेल तर वाटो. पण घर इथे सुंदर असूनही निर्दय आहे, आणि गोदारला ते नेमकं तसंच हवं होतं.

उरला घरं टिकण्याचा मुद्दा. लेक कोमोच्या काठावरचं, लेन्नो गावचं व्हिला देल बाल्बियानेल्लो आपल्याकडे अनेकांना 2018 मधल्या दीपिका-रणवीरच्या लग्नामुळे ठाऊक झालं. 'स्टार वॉर्स'च्या एका भागात (2002) आणि 'कॅसिनो रोयाल' या जेम्स बाँडपटात (2006) ते दिसतं. पण त्याआधीच, 1988 मध्ये, त्याचे मालक ग्विदो मोंझिनो यांनी ते वारसाजतन करणाऱ्या 'फाई' या इटालियन संस्थेला मृत्युपत्राने दिलं होतं. चित्रपटांमुळे तिकडे पाहुणे वाढले असतील, हे मी नाकारत नाही. पण घर वाचलं ते मालकाच्या निर्णयाने. मोंझिनो गिर्यारोहक होते. एव्हरेस्टवरच्या 1973 च्या इटालियन मोहिमेचं नेतृत्व त्यांनी केलं होतं. त्यांच्या मोहिमांच्या वस्तू त्याच घरात मांडलेल्या आहेत. फोटोंखालच्या मजकुरात जेम्स बाँडचं नाव असतं. मोंझिनोंचंही असायला हवं.